भुकेचा माग

शोध घेणाऱ्याने प्रथम काय शोधावे, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगाही वाटत नाही. जे हवे ते शोधावे, असे कोणीही सांगेल. परंतु ज्यांचे पोट किंवा ज्यांचा छंद शोधावर अवलंबून असतो, ती माणसे निराळे उत्तर देतात. अमेरिकेतील मोठ्या जलाशयांवर शरद ऋतूत ‘स्ट्राइप्ड बास’ नावाचा मासा गळाने धरणाऱ्यांमध्ये एक नियम सर्वमान्य आहे. बास शोधू नये; बास ज्यावर जगतो तो लहान मासा शोधावा. तो सापडला की बास फार दूर नसतो.

हा नियम मासेमारीपुरताच असता तर या पृष्ठांत त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. एखाद्या जिवाला गाठण्याची सर्वांत खात्रीची वाट त्याच्या भुकेतून जाते. आई बाळाला ओळखते ती याच वाटेने, वैद्य रोग्याला ओळखतो तो याच वाटेने, आणि सावकारही कर्जदाराच्या दारी याच वाटेने पोहोचतो. दुसऱ्याची भूक कळणे हे एक सामर्थ्य आहे. ते हाती आल्यावर त्याचे काय करणे योग्य, आणि कोठे थांबणे योग्य? माणसांच्या व्यवहारात हा प्रश्न स्वार्थाच्या व भावनांच्या धुरळ्यात दिसेनासा होतो. म्हणून आम्ही तो एका जलाशयाच्या काठी, मासा, आमिष आणि गळ यांच्या संगतीत तपासून पाहणार आहोत.

टेक्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांच्या सीमेवर टेक्सोमा नावाचा जलाशय आहे. दोन्ही राज्यांची नावे जोडून त्याचे नाव बनले. रेड आणि वॉशिटा या नद्यांचे पाणी अडविण्यासाठी अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने डेनिसन धरण बांधले. ते १९४४ मध्ये पूर्ण झाले. पूर आवरावा आणि वीज मिळावी, हे त्यामागील मुख्य हेतू होते. तीस हजार हेक्टरांहून अधिक भूमी पाण्याखाली गेली. प्रेस्टन, हॅगरमन, जुने वुडव्हिल ही गावे त्या पाण्याने घेतली. १९४६ मध्ये तेथे वन्यजीव अभयारण्य स्थापन झाले आणि त्याला हॅगरमनचे नाव मिळाले, म्हणून निदान ते नाव तरी लोकांच्या ओठी राहिले. धरणाखाली गेलेल्या गावांच्या कथा आपल्याही देशात पुष्कळ आहेत. तेव्हा त्या विस्तीर्ण निळ्या पाण्याकडे पाहताना, हे पाणी येथे कोणाच्या निर्णयाने आले आणि कोणाच्या अंगणावर आले, हे आपण विसरणार नाही.

पाण्याप्रमाणेच त्यातील बासही तेथे माणसाच्या निर्णयाने आला. स्ट्राइप्ड बास हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा. रुपेरी अंगावर सात-आठ काळपट आडव्या रेघा, मजबूत शेपटी, मोठे तोंड. आपल्याकडे भिंग मासा जसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढतो, तसेच याचेही जीवन आहे. इंग्रज वसाहतकारांना हा मासा इतका विपुल मिळे की ते तो शेतात खत म्हणून टाकू लागले होते. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच त्यावर बंदी घातली. १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीने बास, बांगडा व हेरिंग यांच्या मासेमारीतून येणारे उत्पन्न एका मोफत शाळेसाठी राखून ठेवले. अन्न मातीत गाडू नये आणि समुद्राच्या देण्यातून मुलांचे शिक्षण व्हावे, असा विवेक त्या लोकांनी या एका माशाच्या बाबतीत दाखविला, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

हा समुद्राचा मासा गोड्या पाण्याच्या जलाशयात कसा आला, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. साउथ कॅरोलायना राज्यात सँटी आणि कूपर नद्यांवरील धरण-प्रकल्पाचे दरवाजे १९४१ मध्ये बंद झाले. पुढे असे आढळले की त्या पाण्यातील बास समुद्राकडे न जाताही जगत आहेत आणि वरच्या नद्यांत अंडीही घालीत आहेत. तेव्हा इतर जलाशयांतही हा मासा सोडावा, ही कल्पना निघाली. अडचण एकच होती. बासची अंडी पाण्याहून किंचितच जड असतात. पिल्लू बाहेर पडेपर्यंत सुमारे दोन दिवस ती वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. प्रवाह थांबला की अंडी तळाला बसतात आणि गाळात गुदमरून मरतात. बहुतेक जलाशयांना मिळणारी नदी यासाठी पुरेशी लांब नसते. १९६० च्या दशकात रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी माँक्स कॉर्नर येथील केंद्रात संप्रेरकाची टोचणी देऊन मादीकडून अंडी मिळविण्याची रीत बसविली आणि हा अडसर दूर झाला.

आपल्या वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल. कटला, रोहू, मृगळ हे आपले मासेही साचलेल्या पाण्यात सहसा वीण देत नाहीत. त्यांना पुराची वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. आज महाराष्ट्रातील धरणांत आणि तळ्यांत जी बोटुकली सोडली जाते, तिच्यामागे तो प्रयोग उभा आहे. दोन खंडांत, दहा-पंधरा वर्षांच्या आत, माणसाने नदी अडविल्यामुळे निर्माण झालेल्या उणिवेवर जवळपास एकच उपाय शोधला.

टेक्सोमात १९६५ ते १९७४ या काळात बास सोडण्यात आले. तेथे नद्या लांब आहेत, म्हणून ते पुढे आपोआप वाढले. जॉर्जियातील लॅनियरसारख्या जलाशयांत मात्र दरवर्षी पिल्ले आणून सोडावी लागतात. सोडणे थांबले तर काही वर्षांत तेथे एकही बास उरणार नाही. अनेक जलाशयांत तर बासचे भक्ष्यही माणसानेच आणून टाकले आहे. याचा अर्थ असा की या खेळात निसर्ग एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला, अशी सरळ मांडणी उरत नाही. पाणी आपण साठविले, मासा आपण आणला, पुष्कळ ठिकाणी त्याचे ताटही आपणच वाढले. ज्याला आपण आणले त्याच्याशी आपले नाते वाटसरूचे नसते. ते यजमानाचे असते, आणि यजमानाला काही बंधने असतात.

आता शरद ऋतूकडे वळू. शरदाचे महत्त्व कळण्यासाठी आधीचा उन्हाळा समजून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी थरांत विभागते. वर उष्ण व हलके पाणी, खाली थंड व जड पाणी. खालच्या थराला वाऱ्याचा स्पर्श होत नाही. तेथील प्राणवायू कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात खर्च होऊन जातो. मोठा बास पंचवीस अंश सेल्सिअसहून उष्ण पाणी शक्यतो टाळतो. त्यामुळे वर गेल्यास उष्मा आणि खाली गेल्यास घुसमट, अशा कात्रीत तो सापडतो. मधल्या एका अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने राहून तो दिवस काढतो. चार्ल्स काउटंट या शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये या कोंडीची मांडणी केली आणि कितीतरी जलाशयांतील माशांच्या मरणाचा अर्थ त्यामुळे लागला.

शरदात रात्री गार होतात. पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन जड होते आणि खाली उतरू लागते. वारा त्याला साहाय्य करतो. हळूहळू थर मोडतात, पाणी उलटते, आणि वरचा प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. काही दिवस पाणी गढूळ दिसते, क्वचित कुबट वासही येतो. मग जलाशय जणू पुन्हा श्वास घेऊ लागतो. बासला सगळे घर मोकळे होते आणि उन्हाळाभर दबलेली त्याची भूक जागी होते.

त्याच सुमारास ‘शॅड’ नावाचे लहान मासे हालचाल करू लागतात. आपल्या तारली व भिंग यांच्याच गणातील हे चकचकीत, चपटे, थव्याने राहणारे मासे. पाण्यातील सूक्ष्म जीव खाऊन ते वाढतात. शरदात त्यांचे थवे मुख्य जलाशयातून फाट्यांकडे, ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात. त्यांतील ‘थ्रेडफिन’ जातीला थंडी सोसत नाही. पाणी पाच ते सात अंशांपर्यंत उतरले की ती मोठ्या संख्येने मरते. हिवाळ्यापूर्वीच्या या काही आठवड्यांत शॅड मुबलक असतो, एकवटलेला असतो, आणि बास त्याच्या मागे असतो.

गळ टाकणारा म्हणून पहाटे प्रथम आकाश पाहतो. कुरव पक्षी उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले असतात. बासचा थवा शॅडला खालून वर रेटीत आणतो. पृष्ठभागावर पाणी उकळल्यासारखे होते आणि पक्षी वरून झेप घेतात. मैलभर अंतरावरूनही हे दिसते. पक्षी नुसते पाण्यावर बसून असतील तरी अनुभवी माणूस तेथे थांबतो, कारण ते बहुधा जेवणाची वाट पाहत असतात किंवा जेवण उरकून बसलेले असतात. तो नौकेचे यंत्र दुरूनच बंद करतो आणि वाऱ्यावर हलके तरंगत जवळ जातो, कारण आवाजाने थवा खाली बुडतो. पक्षी नसतील तेव्हा ध्वनियंत्र कामाला येते. यंत्र पाण्यात ध्वनी सोडते. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून तो परत येतो. पडद्यावर शॅडचा थवा ढगासारखा दिसतो आणि त्याखाली बास कमानीसारख्या रेषांनी उमटतात. फाट्यामागून फाटा तपासायचा, जेथे ढग नाही तेथे वेळ घालवायचा नाही. या शोधात बासचे नाव शेवटी येते.

जिवंत आमिष वापरणारा माणूस तर सूर्योदयापूर्वीच शॅड धरून ठेवतो. उथळ पाण्यात तो पाग फेकतो. वर्तुळात उघडणारे हे जाळे आपल्या किनाऱ्यावरही सर्वांना परिचित आहे. धरलेला शॅड अत्यंत नाजूक असतो. त्याचे खवले सहज निघतात. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकून नाक आपटून घेतो, म्हणून त्याच्यासाठी गोल टाकी लागते. पाणी सतत हलते व गार ठेवावे लागते, त्यात थोडे मीठ घालावे लागते, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनपासून त्याला जपावे लागते. एवढ्या जपणुकीनंतर त्याच्या नाकपुड्यांतून गळ ओवला जातो आणि त्याला बासच्या वाटेवर सोडले जाते. अधिक चपळ, अधिक जिवंत आमिष अधिक उपयोगी, जपणूक एवढ्यासाठीच. प्रेमाची सर्व बाह्य लक्षणे येथे आहेत. प्रेम मात्र नाही. काळजी घेणे आणि प्रेम करणे या दोहोंत इतके अंतर असू शकते, हे त्या गोल टाकीत स्पष्ट दिसते.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. आमिष म्हणजे खोटेपणा काय? संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. मनात एक धरून, दुसऱ्याला फसविण्याच्या हेतूने निराळे सांगणे, हे त्यांच्या मते असत्याचे स्वरूप. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा रंगविलेला मासा या व्याख्येच्या जवळ जातो; तो नसलेल्या अन्नाचा देखावा आहे. पण जिवंत शॅड हा देखावा नाही. तो खरोखरचे अन्न आहे, बास रोज जे खातो तेच. तेथे खोटे काहीच नाही आणि तरीही फसवणूक पुरी आहे.

हे कसे घडते? संत थॉमस अक्वायनस यांचा एक सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. इच्छा जे जे धरू पाहते ते काही ना काही चांगले म्हणूनच धरते. वाईटाची वाईट म्हणून कोणी इच्छा करीत नाही. मोह नेहमी एखाद्या खऱ्या चांगल्या वस्तूच्या आधारानेच उभा राहतो. भाकरी खरी असते, तहान खरी असते, एकटेपणा खरा असतो. फसवणूक वस्तूत नसते. ती वस्तूला बांधलेल्या तंगुसात असते, आणि तंगूस पाण्यात दिसत नाही. दान आणि आमिष यांत वस्तू एकच असू शकते. दात्याच्या हातातून वस्तू सुटते. आमिष टाकणाऱ्याच्या हातात दोरीचे दुसरे टोक राहते.

चौथ्या शतकातील निसाचे संत ग्रेगरी यांनी तारणाचे रहस्य समजावताना गळ आणि आमिष यांचीच उपमा योजिली होती: मानवी देहाच्या आमिषाआड देवत्वाचा गळ होता आणि सैतानाने तो गिळला. परमेश्वराच्या कृतीला अशी उपमा शोभते काय, याविषयी पुढील काळात धर्मपंडितांत संकोच निर्माण झाला. फसविणाऱ्याला फसविणे न्याय्य ठरत असले तरी आमिषाचे साधन उच्च हेतूला साजते काय, ही शंका त्या संकोचामागे आहे. म्हणजे हा प्रश्न आजचा नाही, आणि थोर मनांनाही तो टाळता आला नाही.

माणसांच्या जगाकडे क्षणभर पाहू. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, फीची चिंता घरोघरी असते त्याच आठवड्यात, कर्ज देणाऱ्याची दुकाने उघडतात. निवडणुकीपूर्वी साड्या व भांडी वाटली जातात. मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर त्यांना जे आवडते तेच नेमके पुढे येत राहते, कारण त्यांची आवड कोणीतरी मोजून ठेवलेली असते. साडी खरी असते, कर्जाचे पैसे खरे असतात, गाणेही खरोखर गोड असते. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. संस्था मदत देताना मनात परतफेडीचा हिशोब धरू शकतात. आईवडील मुलाला माया देतात आणि तीच माया त्याच्या निवडींवर दोरीसारखी बांधू शकतात. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा तंगूस ताणला गेलेला असतो. दिलेले सर्व खरे होते, म्हणूनच मुलाला ते तोडणे कठीण जाते.

यावर एक आक्षेप येईल. बास शॅडला खातोच, पक्षीही खातात, हिवाळा तर लाखोंनी मारतो. मग एक शॅड गळाला लागला आणि एक बास वर आला, तर कोणते पाप झाले? आक्षेप सबळ आहे. मासे धरून खाणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी घरे त्यावर उभी आहेत. परंतु आक्षेपात एक गोष्ट सुटते. बासला भूक आहे, पण शॅडच्या भुकेचे ज्ञान त्याला नाही. तो शॅडच्या वाटेत सूक्ष्म जीव पेरून ठेवीत नाही. हिवाळ्याला काहीच ठाऊक नसते. दुसऱ्याची भूक समजून घेऊन तिचा उपयोग योजनापूर्वक करणारा त्या जलाशयावर एकटा माणूस आहे. ज्ञान आले की निसर्गाच्या आड लपण्याची सोय राहत नाही.

माशाला वेदना होतात काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहे. जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये प्रतिपादन केले की माशाच्या मेंदूत वेदनेची जाणीव होण्यास आवश्यक तो भाग नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू दाखविले, आणि इजा झाल्यावर त्याचे वागणे बदलते हेही दाखविले. वाद मिटलेला नाही. पण अक्वायनस यांचा युक्तिवाद या वादावर अवलंबून नाही. प्राण्याशी क्रूरपणे वागण्याची सवय माणसाशी क्रूरपणे वागायला शिकविते, असे ते म्हणतात. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे, आणि त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे असेही सांगितले आहे. ‘विनाकारण’ हा शब्द आपण नीट धरून ठेवावा. भूक भागविणे हे कारण आहे. करमणूक हे पुरेसे कारण आहे काय?

पुष्कळ गळ टाकणारे म्हणतील, ‘आम्ही मासा सोडून देतो.’ या उत्तरात सौजन्य आहे, पण ते तपासून घ्यावे लागते. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांनुसार, सोडून देण्याच्या उद्देशानेच मासा धरण्यास मनाई केली आणि जिवंत माशाचे आमिष काही अपवाद वगळता निषिद्ध केले. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणिसंरक्षण कायद्यात रास्त कारणाविना प्राण्याला वेदना देता येत नाही, म्हणून केवळ खेळासाठी धरून सोडणे तेथे सामान्यतः बेकायदा मानतात. अमेरिकेतील रीत याच्या उलट आहे. तेथे सोडणारा अधिक सुसंस्कृत समजला जातो. दोन सुविद्य समाज एकाच कृतीला परस्परविरुद्ध नावे देतात. याचे कारण एक समाज माशाच्या संख्येकडे पाहतो आणि दुसरा त्या एका माशाकडे.

जलाशयाचे पाणीही या वादात साक्ष देते. उन्हाळ्यात खोल, थंड पट्ट्यातून बास वर ओढला की तो झुंजीने थकतो, उष्ण पाण्यात त्याला प्राणवायू पुरत नाही, आणि सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी पुष्कळदा खाली जाऊन मरतो. शरदातील गार पाण्यात त्याच्या जगण्याची शक्यता बरीच अधिक असते. म्हणजे एकच कृती एका ऋतूत दया ठरते आणि दुसऱ्या ऋतूत दयेचा आभास. यावरून आम्हांला असे वाटते की उन्हाळ्यात खाण्यापुरते एक-दोन मासे घेऊन गळ गुंडाळणारा माणूस वीस मासे धरून वीस सोडणाऱ्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. चांगुलपणा मोजताना आपल्या मनाला काय वाटले एवढे पाहून भागत नाही. दुसऱ्याचे पुढे काय झाले, हे पाहावे लागते. गरिबाला कर्ज देऊन ‘मदत केली’ म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारता येईल.

आता यंत्रे अधिक तीक्ष्ण झाली आहेत. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने असे ध्वनियंत्र बाजारात आणले की नौकेसमोरील मासा व त्याच्याकडे जाणारे आमिष, दोन्ही त्याच क्षणी पडद्यावर हलताना दिसतात. मासा आमिषाकडे वळला, थांबला, परत फिरला, हे सारे दिसते. पूर्वी पक्ष्यांच्या, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या रंगाच्या साहाय्याने जे अंदाजे कळे, ते आता डोळ्यांसमोर घडते. पूर्वी अज्ञानच माशाचे रक्षण करीत असे. ते रक्षण आता पातळ होत चालले आहे. ज्ञानाने जी भिंत पाडली तिच्या जागी दुसरी भिंत संयमानेच बांधावी लागेल. काही भाग कायद्याने बांधता येतो: किती मासे घ्यावेत, केवढे घ्यावेत. उरलेला भाग नौकेत एकट्या बसलेल्या माणसाच्या सदसद्विवेकाचा आहे.

संयमाने काय साधते, याचे उदाहरण याच माशाने दिले आहे. अटलांटिक किनाऱ्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस बासची संख्या कोसळली. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याच्या संरक्षणाचा कायदा केला. मेरीलँड राज्याने १९८५ पासून १९९० पर्यंत या माशाची धरपकड पूर्णपणे बंद ठेवली. मासेमारांच्या घरांना ती वर्षे जड गेली असतील, पण मासा परतला. १९९५ मध्ये त्याची संख्या पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. पुढे पकड पुन्हा वाढली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनाने तो पुन्हा अतिमासेमारीच्या कचाट्यात असल्याचे दाखविले. संयम एकदा पाळून संपत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने पाळावा लागतो.

टेक्सोमावर एक लहानसे कर्तव्य आहे, आणि आमच्या मते या सगळ्या चर्चेचे सार त्यात आहे. २००९ मध्ये या जलाशयात झेब्रा शिंपला आढळला; टेक्सस राज्यातील ती पहिलीच नोंद. नखाएवढा हा परकीय शिंपला नळ, यंत्रे, खडक सर्वांना चिकटून अमर्याद वाढतो. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्याच्या एका बादलीतून ती दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. म्हणून २०१४ पासून त्या राज्यात सार्वजनिक पाण्यावरून परतताना नौकेतील आणि आमिषाच्या टाकीतील सर्व पाणी काढून टाकण्याचा नियम आहे. दिवसभर धरलेले मासे मोजून झाले, फोटो काढून झाले, तरी काम संपत नाही. ज्या पाण्यात शॅड ठेवला होता त्या पाण्याचेही उत्तर द्यावे लागते. उरलेले शॅड दुसऱ्या तळ्यात न नेता, जेथून घेतले तेथेच सोडावे लागतात.

उत्तरदायित्व एवढे खालपर्यंत जाते. बासपासून शॅडपर्यंत, शॅडपासून टाकीच्या पाण्यापर्यंत, आणि त्या पाण्यातील न दिसणाऱ्या जिवापर्यंत. भुकेचा माग काढीत आपण ज्याच्यापर्यंत पोहोचलो, त्याचेच केवळ नव्हे तर वाटेत ज्यांचा ज्यांचा उपयोग केला त्या सर्वांचे ऋण आपल्यावर चढते. आपल्या घरांत, संस्थांत, बाजारांत आपण रोज कोणाची ना कोणाची भूक ओळखत असतो. ती ओळखण्यात गैर काही नाही. तिच्यावाचून कोणाला जेवू घालता येत नाही, शिकविता येत नाही, बरे करता येत नाही. पण हात पुढे करण्यापूर्वी आपण आपल्याच मुठीकडे एकदा पाहावे. तीत दोरीचे टोक असेल तर ते सोडून मगच ताट पुढे सरकवावे.